रेखांकनाचे प्रकरण कोणी वाचायचे?

राज्य शासनाने मार्च २०१९ मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचा मसुदा प्रसिद्ध करून त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या, तेव्हा आमच्या शहरातल्या वास्तुविशारद आणि अभियंत्यांच्या संघटनेने मसुद्याची प्रकरणे सभासदांमध्ये वाटून घेतली. चटई क्षेत्र (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते), इमारतीची उंची, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), वाहनतळ, हस्तांतरणीय विकास हक्क ही प्रकरणे घ्यायला भराभर हात वर झाले. जमिनीची विभागणी, रेखांकन (प्लॉट आणि रस्ते पाडण्याचा नकाशा), अंतर्गत रस्ते आणि खुली जागा या भागाला मात्र कोणी वाली मिळेना. माझे निम्मे काम प्लॉट पाडण्याच्या रेखांकनांचेच असल्यामुळे तो भाग माझ्या पदरात पडला. प्रकरण वाचण्यापासून सुनावणीपर्यंत आणि मंजूर नियमावली हाती आल्यानंतर ती प्रत्यक्ष वापरण्यापर्यंतचा अनुभव येथे लिहीत आहे, कारण शहराचे नियम बदलतात कसे हे बहुतेकांना बदल झाल्यानंतरच कळते.

आमची महापालिका ड वर्गातली, म्हणजे लहान शहरांच्या गटातली. तिच्यासारख्या महापालिकांसाठी २०१६ मध्ये एक प्रमाणित नियमावली लागू झाली होती, नगरपालिकांसाठी २०१३ ची निराळी होती, आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात आणखी निराळे नियम होते. हद्दवाढ झालेल्या गावात एकाच ओढ्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, असा प्रकार आमच्याकडे अपवाद नव्हता. मुंबई महापालिका, एमआयडीसीसारखी काही प्राधिकरणे, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपालिका आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे वगळून उरलेल्या महाराष्ट्राला एकच नियमावली लावावी, हा मसुद्याचा हेतू होता आणि तो मला मनापासून पटला होता. कायद्याच्या भाषेत हा मंजूर विकास योजनांमधला फेरबदल होता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ (१कक) खाली शासनाला स्वतःहून असा फेरबदल करता येतो, पण त्याआधी राजपत्रात सूचना देऊन लोकांना हरकतींसाठी मुदत द्यावी लागते आणि हरकतदारांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ती मुदत एक महिन्याची असते, आणि एवढ्या जाडजूड मसुद्यासाठी महिना म्हणजे काहीच नाही.

रेखांकनाचे काम ज्यांनी केलेले नाही त्यांच्यासाठी त्याचा क्रम सांगणे भाग आहे. शेतजमीन विकास योजनेत रहिवास विभागात आली की मालक झोन दाखला, सात-बारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन आमच्याकडे येतो. आम्ही गटाच्या हद्दीत रस्ते, प्लॉट आणि खुली जागा बसवून नकाशा सादर करतो. नगररचना विभाग त्याला आधी तात्पुरती मंजुरी देतो. त्यानंतर भूमी अभिलेख खात्याकडून प्लॉटांची जागेवर आखणी आणि मोजणी होते, मोजणीप्रमाणे दुरुस्त केलेला नकाशा अंतिम मंजुरीसाठी जातो, कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलांचा तक्ता) तयार होते आणि सरतेशेवटी प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक उघडते. म्हणजे एका जमिनीचे तुकडे होताना त्यांची नोंद महापालिका, भूमी अभिलेख, तहसील आणि दुय्यम निबंधक अशा चार ठिकाणी होते. नियमावली बदलली की पहिल्या ठिकाणचे काम बदलते. उरलेल्या तिन्ही ठिकाणी काय होते, हा प्रश्न मसुदा वाचताना मला पानापानावर पडत होता.

मसुद्यातल्या तरतुदींवर नुसते मत देण्याऐवजी जुन्या मंजूर रेखांकनांचे पुढे काय झाले ते जागेवर जाऊन पाहावे, असे आमच्या संघटनेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले. नगररचनेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ. त्यांच्या काळात मंजूर झालेले नकाशे त्यांना गट क्रमांकानिशी आठवत. आम्ही शहराच्या जुन्या उपनगरांमधली काही रेखांकने निवडली, अभिलेख कक्षातून त्यांच्या नकाशांच्या प्रती मिळवल्या आणि सकाळच्या वेळी त्या घेऊन फिरलो. वीस फुटी रस्ते बहुतेक ठिकाणी जागेवर होते, कारण ज्यांचे दार रस्त्यावर उघडते ते रस्ता जाऊ देत नाहीत. त्रास होता तो रस्त्यांच्या टोकांना. प्रत्येक मालकाने आपल्या गटापुरता विचार केलेला, त्यामुळे एका रेखांकनाचा रस्ता शेजारच्या रेखांकनातल्या प्लॉटच्या भिंतीवर जाऊन थांबे, आणि सरळ रेषेत दोनशे पावलांवर असलेल्या शाळेला जायला मुलांना मुख्य रस्त्यावरून वळसा घालावा लागे. शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी मेळ घालावा, अशी अपेक्षा जुन्या नियमांतही होती. पण शेजारची जमीन तेव्हा ऊस असते, आणि उसाशी मेळ घालायची कोणाला निकड नसते.

खुल्या जागेची अवस्था याहून वाईट होती. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के क्षेत्र खुली जागा म्हणून सोडावे लागते, हे जुन्या नियमावलीत होते आणि मसुद्यातही कायम होते. आम्ही पाहिलेल्या जागांपैकी काहींवर देऊळ होते, काहींवर समाजमंदिर, काही ठिकाणी सुंदर झाडे आणि बाके होती. एका ठिकाणी मात्र नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेल्या चौकोनावर तारेचे कुंपण होते, आतमध्ये जोत्याचे काम झालेले होते आणि फाटकाला कुलूप होते. तिथल्या रहिवाशांनी आम्हाला सात-बारा दाखवला. प्लॉट विकले गेले तसतसे त्यांचे सात-बारे वेगळे झाले होते. रस्ते आणि खुली जागा यांचे क्षेत्र मात्र मूळ मालकाच्या नावावर तसेच राहिले होते. मालक वारल्यावर वारस नोंदीचा फेरफार झाला, त्यात त्याच्या नावावर शिल्लक दिसणाऱ्या सगळ्या क्षेत्राला वारसांची नावे लागली, आणि वारसांनी ते क्षेत्र रीतसर खरेदीखत करून विकले. खरेदीदाराने सात-बारा पाहिला होता, त्यात कुठेही खुली जागा असा शब्द नव्हता. मंजूर नकाशा महापालिकेच्या कपाटात होता आणि तो पाहायला कोणी त्याला सांगितले नव्हते. फसवणूक कोणाची झाली, हे ठरवायला त्या कॉलनीतले लोक आता दिवाणी न्यायालयात आहेत.

नियमावलीच्या बाजूने पाहिले तर यात पळवाट दिसत नाही. रेखांकन मंजूर होताना खुली जागा रहिवाशांच्या संस्थेकडे निहित झाली असे मानले जाईल, ती विकता येणार नाही आणि सामायिक वापराखेरीज दुसऱ्या कशालाही वापरता येणार नाही, असे नियम सांगतो आणि मालकाकडून तसे हमीपत्रही घेतले जाते. अडचण अशी की सदनिकांच्या इमारतीत सोसायटी होते, प्लॉटच्या रेखांकनात ती बहुधा होतच नाही. प्रत्येक जण आपला प्लॉट घेऊन आपले घर बांधतो. मग जागा निहित व्हायची ती कोणाकडे? महारेरा, म्हणजे बांधकाम आणि प्लॉटांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारे प्राधिकरण, आल्यानंतर, २०१७ पासून, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या प्लॉटांच्या प्रकल्पांना नोंदणी लागू झाली आणि परिस्थिती थोडी सुधारली. त्याआधीच्या रेखांकनांत खुल्या जागेचा खरा मालक सात-बाऱ्यावरचे नाव हाच राहिला.

हरकती लिहायला बसल्यावर दुसरा मुद्दा पुढे आला तो ०.४ हेक्टरच्या मर्यादेचा. कागदावर ही ४,००० चौरस मीटरची मर्यादा गोल आणि सोयीची दिसते. आमच्याकडचा शेतकरी मात्र जमीन एकरात आणि गुंठ्यात मोजतो, आणि एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे नेमके मर्यादेच्या जरासे वर. एकराचे रेखांकन केले की चार गुंठे खुल्या जागेत जातात, रस्ते वेगळेच. तेच दोघा भावांनी आधी वाटप करून वीस-वीस गुंठ्यांचे सात-बारे वेगळे केले, तर दोन्ही तुकडे मर्यादेच्या खाली येतात. महापालिका हद्दीत तुकडेबंदी कायद्याचा अडसरही नसतो. वाटप खरे असते तेव्हा कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण रेखांकनाच्या अर्जाआधी काही महिन्यांत झालेली वाटपे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यातल्या काही भावांचा बांध जागेवर कधीच पडलेला नव्हता. एका मोठ्या गटाचे असे तुकडे होत गेले की शेवटी शेकडो घरांच्या वस्तीत मुलांना खेळायला हक्काची एक जागा उरत नाही, आणि तरीही प्रत्येक नकाशा नियमाप्रमाणे मंजूर असतो.

माझ्या दोन मुख्य सूचना यातून तयार झाल्या. पहिली अशी की, खुली जागा ठरवताना अर्जाच्या दिवशीचा सात-बारा न पाहता एका ठरावीक तारखेला मूळ गटाचे जे क्षेत्र होते ते पाहावे. दुसरी अशी की, रेखांकनाला अंतिम मंजुरी देतानाच महापालिकेने रस्ते आणि खुल्या जागेच्या क्षेत्राचे स्वतंत्र पत्रक तलाठ्याकडे पाठवावे आणि ‘खुली जागा, हस्तांतरणास बंदी’ अशी नोंद सात-बाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घेतल्याखेरीज प्लॉटांचे सात-बारे वेगळे करू नयेत. याशिवाय रस्त्यांच्या जुळणीबद्दल एक लहान सूचना होती: तात्पुरत्या मंजुरीच्या नकाशावर सभोवतालच्या गटांतली मंजूर रेखांकनेही दाखवणे सक्तीचे असावे. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझा पहिला खर्डा वाचून त्यातली सगळी विशेषणे काढून टाकली आणि प्रत्येक सूचनेसाठी एकच साचा घालून दिला: मसुद्यातली तरतूद, सुचवलेली तरतूद, कारण. ‘सुनावणी घेणाऱ्यासमोर असे गठ्ठे असतात, आपला कागद पाहिल्याबरोबर कळला पाहिजे,’ एवढेच ते म्हणाले. हा सल्ला मी नंतर अनेकांना दिला आहे.

सुनावणी विभागीय स्तरावर झाली. सभागृहाबाहेर विकासकांच्या संघटना, वास्तुविशारद, नगरसेवक, काही वकील आणि हातात पिशव्या घेतलेले काही जमीनमालक अशी गर्दी होती. आतमध्ये बहुतेक वेळ चटई क्षेत्र, जादा बांधकामासाठी भरायचे अधिमूल्य आणि रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असलेली उंची यांवरच गेला, आणि त्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही, कारण ज्याचा पैसा जिथे अडकलेला असतो तिथे त्याचे लक्ष असणारच. जमीनमालकांची बाजूही ऐकण्यासारखी होती. एका वयस्कर शेतकऱ्याने उभे राहून विचारले की, दहा टक्के खुली जागा मी सोडायची, रस्ते मी सोडायचे, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी सुविधा क्षेत्र मी सोडायचे, वर विकास शुल्कही मीच भरायचे, आणि पाणी आणि गटार येणार कधी ते मात्र कोणी लिहून देत नाही, हा कुठला न्याय? समोरच्या अधिकाऱ्यांनी त्याचे म्हणणे लिहून घेतले. त्या प्रश्नाला नियमावलीत उत्तर नव्हते, आणि माझ्याकडेही नव्हते.

माझी पाळी आल्यावर अधिकाऱ्यांनी मूळ गटाच्या मुद्द्यावर बारकाईने प्रश्न विचारले. ठरावीक तारीख कोणती धरायची? ज्याने पंधरा वर्षांपूर्वी एका मोठ्या गटातला तुकडा विकत घेतला, त्याला मूळ मालकाने न सोडलेल्या जागेची शिक्षा का द्यायची? दुसऱ्या मुद्द्यावर त्यांचे उत्तर सरळ होते: ‘तुमचं म्हणणं पटतं. पण सात-बाऱ्यावर काय लिहायचं ते महसूल अधिनियमाखाली ठरतं. नगररचनेच्या नियमावलीत ते कसं घालणार?’ हा आक्षेप खरा होता, त्यामुळे मी वाद वाढवला नाही. निदान अंतिम मंजुरीच्या पत्राची प्रत तलाठ्याला पाठवण्याची अट घालता येईल, एवढे मी म्हटले आणि तेही लिहून घेतले गेले.

त्यानंतर बराच काळ काही हालचाल कळली नाही. मध्ये निवडणुका झाल्या, शासन बदलले, मग करोनाची टाळेबंदी आली. शेवटी डिसेंबर २०२० च्या सुरुवातीला नियमावली मंजूर होऊन लागू झाली. प्रत हाती आली त्या रात्री सगळ्यांनी चटई क्षेत्राचे तक्ते उघडले. मी खुल्या जागेचे पान उघडले. चार हजारांची मर्यादा कायम होती. वेगळ्या केलेल्या लहान तुकड्यांसाठी जागा सोडणे, कमी चटई क्षेत्र घेणे किंवा जमिनीच्या मूल्याच्या प्रमाणात रक्कम भरणे असे पर्याय होते. शासनाच्या दृष्टीने हा मधला मार्ग होता; माझ्या दृष्टीने मुलांच्या मैदानाची किंमत रोख भरून सुटका करून घेण्याची ती सोय होती, कारण जमा झालेल्या रकमेतून त्याच वस्तीत जागा घेतली जाईल याची हमी कुठे नव्हती. रहिवास रेखांकनात नऊ मीटरचा रस्ता ही आता किमान अपेक्षा झाली, ही गोष्ट मात्र उत्तम झाली. सुविधा क्षेत्राच्या तरतुदी पुढच्या दुरुस्त्यांत बदलत गेल्या, त्यामुळे मंजूर प्रतीच्या समासात पेन्सिलीने दुरुस्त्या लिहून ठेवण्याची सवय आम्हा सगळ्यांनाच लागली.

प्रत्यक्ष वापरात पहिले काही महिने गोंधळाचे गेले. नियमावलीत व्यावृत्ती होती: ज्यांना जुन्या नियमांखाली परवानगी मिळालेली आहे त्यांनी ती तशीच पुढे न्यावी किंवा नव्या नियमांत यावे. कागदावर हे स्वच्छ होते. पण तात्पुरती मंजुरी जुन्या नियमांची, मोजणी झालेली आणि अंतिम मंजुरीचा अर्ज नव्या नियमांच्या काळातला, अशा प्रकरणांत रस्त्याची रुंदी कोणती धरायची यावर टेबलागणिक निराळे उत्तर मिळत असे. आमच्याकडच्या एका प्रकरणात दगड रोवून झालेले होते, आणि रस्ता रुंद करायचा तर सगळी आखणी पुन्हा करावी लागली असती. शेवटी मालकाने जुने नियम निवडल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले तेव्हा नकाशा पुढे सरकला. ऑनलाइन छाननीतही काही काळ जुन्या तक्त्यांप्रमाणे त्रुटी निघत होत्या, आणि त्या त्रुटींना उत्तर म्हणून आम्ही नव्या नियमाचे पान जोडत होतो.

दरम्यान जमिनीच्या तुकड्यांचा मोठा व्यवहार नियमावलीच्या बाहेर चालूच होता. रेखांकनाशिवाय गुंठा-दोन गुंठे विकून वसलेल्या वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. त्यातली १ जानेवारी २००१ ही तारीख २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. म्हणजे ज्या महिन्यात नवी नियमावली लागू झाली, त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंतच्या विनारेखांकन तुकड्यांना नियमित होण्याची वाट खुली झाली. १२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून मंजूर रेखांकनाशिवाय अशा तुकड्यांची दस्तनोंदणी करू नये असे कळवले. ते परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी रद्द ठरवले. त्या दहा महिन्यांत आमच्या कार्यालयात रेखांकनाची चौकशी करणाऱ्यांची रीघ लागली होती, कारण दस्त होत नाही म्हटल्यावर माणसे नकाशाकडे वळली. निकालानंतर ती ओसरली. नियम कितीही चांगले लिहिले तरी दस्ताच्या खिडकीवर काय चालते यावर शहर कसे तुटणार हे ठरते, हे माझे मत त्या काळात पक्के झाले. न्यायालयाने परिपत्रकाच्या कायदेशीर आधाराबद्दल जे म्हटले त्यावर माझा आक्षेप नाही, तो अधिकार कायद्यानेच द्यायला हवा होता.

सात-बाऱ्यावरच्या नोंदीचा मुद्दा मी सोडलेला नाही. आता रेखांकनाचे काम घेताना मालकाशी होणाऱ्या करारातच एक कलम घालतो: अंतिम मंजुरी मिळाली की रस्ते आणि खुल्या जागेचे क्षेत्रनिहाय पत्रक आणि मंजूर नकाशाची प्रत तलाठ्याकडे देऊन इतर हक्कात नोंद घेण्याचा अर्ज त्याने करायचा, आणि त्याची पोच मला द्यायची. काही मालक कटकट म्हणून नाखूश असतात. काहींना मात्र प्लॉट विकताना गिऱ्हाइकाला दाखवायला ती नोंद उपयोगी पडते असे लक्षात आले आहे. नोंद घेतली जाते की नाही हे अजून तलाठी आणि मंडळ अधिकारी बदलतात तसे बदलते. एका सजात (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात) ती सहज झाली, शेजारच्या सजात ‘असा आदेश नाही’ म्हणून अर्ज परत आला. तो नकार आणि ती मंजुरी, दोन्हींच्या प्रती मी संघटनेच्या फायलीत लावून ठेवल्या आहेत. नियमावलीच्या पुढच्या फेरबदलाची सूचना निघेल तेव्हा सूचना क्रमांक दोनच्या ‘कारण’ या रकान्यात त्या जोडायच्या आहेत.